वासिलीची पहिली शिकार

१२ फेब्रुवारी
झाला! कायदा झाला! चुलत बहीण मेलिटिनाने गावच्या रेडिओवर ओरडून सांगितलं.

आमच्या जमातीचा ट्रस्ट म्हाताऱ्या-अपंगांना दरवर्षी पैशांचा वाटा देतो. माझा धाकटा भाऊ वासिली जन्मापासून आंधळा, पण त्याला तो मुकाट्याने परत करावा लागायचा. घेतला की सरकारची महिन्याची मदत बंद, औषधंही बंद! एकदा घेतला होता — तो हिवाळा आठवला की अजून अंगावर काटा येतो. आता वाटा घेतला तरी मदतीला हात लावणार नाहीत म्हणे. मी स्वयंपाकघरात नाचले. या गुडघ्यांनी!

१४ फेब्रुवारी
वासिलीचा विश्वास नाही. म्हणतो, "सरकार एका हाताने देतं तेव्हा दुसरा हात कुठे आहे ते बघायला हवं. बघायचं काम तुझं, ताई."

३ एप्रिल
वाटा आला. घेतला!

मी मनात नवा स्टोव्ह, उबदार बूट मांडून बसले होते. हा म्हणतो, सगळा वाटून टाकायचा. का, तर ही त्याची पहिली शिकार! आमच्यात मुलाने पहिला सील मारला की घरच्या बायका दारातून गावातल्या बायकांवर वस्तू उधळतात. घरात काही ठेवायचं नाही. वासिलीसाठी कधी उधळण झालीच नाही.

भांडले. म्हटलं, अरे, अडुसष्टाव्या वर्षी?

"सील उशिरा आला. त्यात माझा काय दोष?"

वही घेऊन खरेदीची यादी करायला बसले.

१९ एप्रिल
उधळण! छिटाचं कापड, चहा, साबण, बादल्या — हात दुखेपर्यंत फेकलं. नात्यातल्यांनी झेलायचं नाही, म्हणून मेलिटिना नुसती उभी राहून चिडवत होती, "पोरगा अंगाने बरा भरलाय गं तुझा." पलीकडच्या टोकाची विधवा अगाफिया, तिच्या डोक्यावर बादली आदळली, तरी तिने सोडली नाही. वासिली खुर्चीत बसून ती झोंबाझोंबी ऐकत पोट धरून हसत होता.

२० एप्रिल
आता धाकधूक. मदत तुटली तर घरात तीही नाही, वाटाही नाही.

१ मे
मदत आली! पुरी! वासिलीला कागदावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. तो ऊन येतं त्या बाजूला तोंड करून बसला.

४ मे
सकाळी वासिलीने स्वतःच दाढी केली, धुतलेला शर्ट मागितला.

"शिकार केल्याशिवाय बायको मागता येत नाही, म्हणून गप्प होतो. आता अगाफियाला विचारू का, ताई?"

हात धरून तिच्या दारापर्यंत नेलं. येताना एकटीच आले.