क्ष-किरण टेबलावरचा डबा हलवण्याबाबत

दिनांक : ७ नोव्हेंबर १९८८

प्रति,
मेजर (निवृत्त) कृष्णकांत पाटणकर,
मुख्य सुरक्षा अधिकारी,
रुग्णालय प्रशासन, चंडीगड.

विषय : क्ष-किरण कक्षात शुक्रवारपासून टेबलावर असलेला ॲल्युमिनियमचा डबा उघडण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपण काल जिन्यात केलेली तोंडी सूचना.

महोदय,

हा अर्ज मराठीत करीत आहे, कारण तसे आपणच सांगितलेत. "आगाशेबाई, इंग्रजीत दिलात तर पाच टेबलं फिरेल आणि प्रत्येक टेबलावर आणखी एक शंका निघेल. मराठीत द्या, मग तो फक्त मलाच वाचावा लागेल," हे आपले शब्द.

१. माझी बहीण उल्का हिने मिरजेहून दिवाळीचा फराळ पाठवला. वसतिगृहात पार्सल घेत नाहीत, म्हणून मी रुग्णालयाचा पत्ता दिला होता. ही चूक माझी. ट्रान्झिस्टरमधून बाँब निघू लागल्यापासून आपल्याकडे आलेली कोणतीही कापडात शिवलेली वस्तू संशयित धरली जाते, आणि तिचा क्ष-किरण फोटो काढण्याचा आदेश आहे. पार्सल माझ्याच नावाचे असल्याने मी ते उघडून दाखवते म्हणाले. त्यावर तपासणी समितीने, पार्सल माझ्याच नावाचे असल्याने मी ते उघडू नये, असे ठरवले.

२. फोटोसाठी रुग्णाचा छापील फॉर्म भरावा लागतो. नाव : डबा. वय : पोस्टाच्या शिक्क्यानुसार नऊ दिवस. तक्रार : नाही. समितीने एक्स्पोजर भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणेच द्यायला लावले. तक्त्याचा नियम असा की जाडी सेंटिमीटरमध्ये मोजायची, दुप्पट करायची आणि तीस मिळवायचे, म्हणजे किलोव्होल्ट मिळतात. डबा बावीस सेंटिमीटर, म्हणून चौऱ्याहत्तर. बावीस सेंटिमीटरच्या पोटाला चाळीस मिलीअँपिअर-सेकंद लागतात, तेवढेच डब्याला दिले. सवयीने माझ्या तोंडून "साँस रोकिए" निघाले आणि दारात उभ्या समितीने श्वास रोखला.

३. फिल्म पूर्ण काळी आली. हे होणारच होते. तक्ता माणसासाठी आहे आणि माणूस आतून भरीव व ओला असतो. फराळ कोरडा, पोकळ आणि मध्ये हवा, त्यामुळे किरण सगळे आरपार जाऊन फिल्म काळी होते. परंतु समितीने काळेपणाचा अर्थ "दारूगोळा" असा घेतला.

४. तेव्हा मी हिशेब केला. डब्यातला माल एकत्र दाबला तर फार तर सहा सेंटिमीटर भरेल. म्हणजे सोळा सेंटिमीटर कमी. दर चार सेंटिमीटरला एक्स्पोजर निम्मे, सोळाला चार वेळा निम्मे, म्हणजे सोळावा हिस्सा. चाळीसचे अडीच. दुसरी फिल्म अडीचवर काढली. माझ्या नोकरीतली ती सर्वांत स्वच्छ फिल्म असावी. चकलीचा वेढा न् वेढा दिसत होता, काटेसुद्धा.

५. दुर्दैव तेवढेच. विद्युत विभागाचे नरेशजी यांनी आयुष्यभर मोटरी गुंडाळल्या आहेत. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "मॅडमजी, ये तो स्प्रिंग है. पक्का." खालच्या थरातल्या चिवड्याचे शेंगदाणे भांडारप्रमुखांना छर्रे वाटले. समितीच्या तिघांच्याही सह्या झाल्या. मी फिल्म इतकी चांगली काढली नसती तर डबा बहुधा सुटला असता.

६. त्यानंतर सगळे बाहेर पडले, दाराला कुलूप लागले आणि डबा टेबलावरच राहिला. बाँबनिकामी पथकाकडे आधीच रांग आहे, ते गुरुवारी येतील. हवालदार बलकारसिंग दारावर आहेत. काल त्यांनी दाखवले की दाराखालून मुंग्यांची रांग आत जाते आहे आणि तीच रांग बाहेर येते आहे. त्यांनी डायरीत "आवाजाही जारी", म्हणजे ये-जा चालू, अशी नोंद केली आहे.

७. महोदय, मी या भीतीला हसत नाही. या वर्षी बाजारातून आणि बसमधून आणलेल्या जखमींचे फोटो मी काढले आहेत. छर्रा कसा दिसतो ते मला माहीत आहे. तो पांढराशुभ्र असतो आणि त्याची कड कापल्यासारखी असते. शेंगदाणा राखाडी दिसतो, मधे फट असते. हा फरक मी समितीला सांगितला, परंतु मी पार्सलची मालकीण असल्याने माझे मत नोंदवता आले नाही.

८. आपण फिल्म पाहिली तेव्हा हळूच म्हणालात, "बाई, मला चकली दिसतेय. पण कागदावर स्प्रिंग आहे." कागदावरच्या स्प्रिंगमुळे अस्थिरोग कक्षात सुरजीत कौर शुक्रवारपासून पायाला वजन बांधून पडून आहेत. वय एकाहत्तर, खुबा मोडला आहे. फोटोशिवाय सर्जन हात लावणार नाहीत. दुसरे यंत्र इथे नाही, आणि दुसरीकडे न्यायचे तर पाय हलतो. मी त्यांना कारण सांगितले. त्या म्हणाल्या, "पुत्तर, डब्बा ऐथे ले आ, मैं खोल देनी आं. मेरा की जाणा ए." डबा त्या स्वतः उघडतील, त्यांचे आता काय जायचे आहे, असे त्यांचे म्हणणे.

९. त्यांच्याऐवजी मी उघडते. चावी आपल्याकडे आहे. आपण सर्वांनी व्हरांड्याच्या टोकाला उभे राहावे. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते. हा नियम क्ष-किरणांचा आहे, स्फोटाचा मला माहीत नाही, तरी दूर उभे राहण्यात तोटा नाही. मी एक चकली तिथेच खाईन आणि पाच मिनिटे थांबेन. "चकली" हा शब्द आपल्या सहीखाली नको असेल तर "परवानगी आहे" एवढेच लिहावे. माझा हिशेब चुकल्यास या अर्जाची पोच देण्याची तसदी घेऊ नये.

आपली नम्र, आणि कुलपाबाहेर उभी,

सुमेधा आगाशे
एम.एस्सी. (पदार्थविज्ञान)
वरिष्ठ क्ष-किरण तंत्रज्ञ

सोबत :
१) फिल्म क्र. २.
२) चकली, नग एक (सेक्टर ३४ मधील शुभदाताई यांच्या घरून, तुलनेसाठी). तपासणीनंतर परत करण्याची आवश्यकता नाही.

ता.क. सुरजीत कौर यांचा खुबा मी सकाळी वॉर्डात जाऊन मोजला. अठरा सेंटिमीटर. दुप्पट छत्तीस, अधिक तीस, सहासष्ट. त्या भरीव आहेत, त्यांना तक्ता लागू पडतो. फक्त टेबल रिकामे हवे.