गुवाहाटीचं भाडं

२ सप्टें. २००६
मनीचा फोन. डॉक्टरीणबाईंनी झोपूनच राहायला सांगितलंय. म्हणजे बाळंतपणाला ती दौंडला येत नाही. जावई सरहद्दीवर, पोरगी तिकडे गुवाहाटीत एकटी. दिवस भरायला महिना. मीच जाणार. ह्यांनी लगेच रेल्वेचा पास काढून दाखवला. जन्म गार्डाच्या डब्यात गेला, दुसरं काय सुचणार! तीन दिवस गाडीत? माझी कंबर? "विमानानं जाईन," निघून गेलं तोंडातून. विमान आजवर फक्त खालून बघितलंय.

४ सप्टें.
रुखसानाताईंचा सायबर कॅफे. मनी त्यांच्याकडेच टायपिंग शिकली. त्यांनी तीन साइट उघडून दिल्या. पुणे-दिल्ली-गुवाहाटी. तेच विमान, तीच वेळ, भाव तीन!
"असं कसं हो?"
"मला बी न्हाई कळत वैनी. पर बघायला मजा येती."
खरंच येते. तासभर हलले नाही.

७ सप्टें.
आज हेही आले. "आमच्याकडं किलोमीटरवर भाडं. हितं शेजारी बसल्याल्या दोघांचं येगळं? म्हंजी काय!" आधी चिडले, मग जुनी वही काढून पट्टीनं रकाने आखत बसले. घरी वाचून दाखवलं तर ह्यांचे आकडे माझ्या दुप्पट. चष्मा बदला म्हटलं. ह्यांनी वही मिटून ठेवली.

११ सप्टें.
परवाचं भाडं आज नाही. सकाळी एक, दुपारी दुसरंच. का बदलतं? कोण बसून बदलतं? माहेरी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात आई सगळी फेरी मारून मगच भाजी घ्यायची. माझंही तेच चाललंय. पण इथं फेरी पुरी होईतो पहिलीची पाटी रिकामी.

१४ सप्टें.
सापडलं! २२ ला भाडं एकदम खाली, तिन्हीकडे. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सर्वपित्री अमावस्या.
हे: "अमुशाला कोन घर सोडतंय? आन् आबांचं पान कोन वाढनार?"
सासऱ्यांचं नाव निघालं, विषय मिटला. उद्या दुसरी तारीख बघू.

१६ सप्टें.
मनीचे पाय सुजलेत. "आई, स्वस्त-महाग राहू दे. तू ये फक्त." दोन आठवडे मी पोरीकडे जायचं बघत होते की भावांची गंमत? लाज वाटली. ह्यांना न विचारता २२ चं काढलं, रुखसानाताईंच्या भावाच्या कार्डावर.
हे कागद उलटापालटा करत, "ना शिक्का, ना भोक. ह्ये तिकीट व्हय?" नाव मात्र दोनदा वाचलं. माझं एकटीचं.
जेवले नीट नाहीत. अमावस्येचा राग असणार.

१८ सप्टें.
सकाळी खुटबावहून धाकट्या जावेचा फोन. "आक्का, भावजींनी काल सांगितलं, औंदा आबांचं तुमच्याकडं करा म्हनून. करतो आमी. तुमी दोघं बिनघोर जावा."
दोघं?
हे दळण घेऊन गिरणीत गेलेले. वही काढली. पहिल्याच पानावर, ७ तारखेच्या रकान्याच्या डोक्यावर, बारीक अक्षरात: "२ जणांचे."
चष्म्यावरून किती बोलले मी! आणि ह्या माणसाला तोंड उघडायला काय झालं होतं?
कॅफे दहाला उघडतो. २२ च्या विमानात आणखी एक जागा असेल? भाडं कितीही असो. चपला घालून बसलेय, पावणेदहाच झालेत