कुलपाबाहेरचं वाचन

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार रीतीपुरता आहे, कारण मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे.

ठकीच्या शाळेने 'ताणाच्या काळात कुटुंबाची काळजी' ही पुस्तिका घरी पाठवली. मागे तुमच्या खात्याचं नाव आणि खाली तुझं. त्यात लिहिलंय, घरात एक शांत कोपरा ठेवा. ताई, आमची खोली एकच. तिच्या एका कोपऱ्यात स्टोव्ह आणि उरलेल्यात हे, दोन्ही हात बँडेजमध्ये, भिंतीकडे तोंड करून. कारखान्यात वाफेचा पाइप फुटला. त्या दिवसापासून ठकीने तोंड उघडलेलं नाही. बाई म्हणतात, वर्गातही नाही. आणि तू मला दीर्घ श्वास घ्यायला शिकवतेस!

पुढे सल्ला, मुलांना जवळच्या वाचनालयात न्या. नेलं. तिला तेवढी एकच जागा आवडायची. दाराला हे भलंमोठं कुलूप, आणि त्यावर सूचना तुमच्याच खात्याची. जखमेवर मीठ चोळायला पुस्तिका कशाला छापायला हवी होती?

राग गेला की माया करीन. तोवर तू करत राहा.
धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

जावईबापूंचे हात भाजले हे मला भांडणाच्या पत्रातून, तेही अधेमधे कळावं? मी मेले होते की परकी झाले? पत्र वाचून आधी रडले, मग तुला मनसोक्त शिव्या घातल्या.

कुलपाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. तशीच उठून साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले की पुस्तिका घरोघरी पोचली, आता खोली आणि ग्रंथपाल पोसायचा कशाला? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, भुकेल्याला पाककृती देऊन स्वयंपाकघर बंद करता का? आवाज इतका चढला की बाहेरचे कारकून दारात आले. साहेबांनी मला जायला सांगितलं. मी गेले नाही. शेवटी फेरविचार करू म्हणाले. त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, उद्या पुन्हा जाणार.

सोबत पुस्तकांचं पार्सल आहे. शांत कोपरा गेला खड्ड्यात. रस्त्यावर बसून वाच, रागाने वाच, पण पोरीला वाचून दाखव.

पुन्हा काही लपवलंस तर माझ्याशी गाठ आहे. आशीर्वाद आहेतच.
ताई

ता. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. या वेळी मनापासून.

पार्सल मिळालं. मी ठकीला घेऊन थेट वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसले, कुलपाला पाठ लावून. पहिल्या दिवशी रागानेच वाचलं. मग शेजारणी पोरांना घेऊन येऊ लागल्या. परवा हे आपणहून आले. मी सरकून जागा दिली. यांना पुस्तक धरता येईना, तेव्हा ठकीने ते मांडीवर घेतलं. हे वाचत आणि पान संपलं की ती उलटे. मला तिकडे बघवेना, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिले.

काल तुमच्या खात्याचा निरीक्षक आला आणि लागला ओरडायला, की पायऱ्या अडवू नका, परवानगी कुणाची? मी पदर खोचून उठणार, तोच ठकी उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, आणि तोही केवढा! त्याला म्हणाली की हळू बोला, बाबा वाचतायत.

तो दोन पायऱ्या खाली उतरला. इकडे यांच्याने पुढची ओळ वाचवेना. मग ती आपली यांना सांगते की वाचा ना, पुढे काय झालं?

कुलूप अजून आहे. माझा रागही आहे. साहेबांना सांग, आम्ही रोज बसणार. लोभ आहेच, तो भांडणासकट असू दे.
धाकटी