मिस मखमल आमच्या घरात

१० जानेवारी १९६७, अमरावती

शालूच्या उशीखाली पुन्हा ते चोपडं! ‘मिस मखमल’ — अंक अकरावा. काळे हातमोजे, काळा चष्मा, अंगाला घट्ट कोट. दिवसा कुठल्याशा वकिलातीत टाइपिस्ट, एरवी गुप्तहेर. भिंतीपलीकडचं ऐकू येतं म्हणे बाईला! मी शाळामास्तर. पोरांच्या दप्तरांतून हाच कचरा जप्त करतो, आणि घरात माझी सख्खी बहीण, एकोणीस वर्षांची घोडी, तेच वाचते! टराटरा फाडलं.

१३ जानेवारी

नवा अंक हजर. शिवणाच्या क्लासातली वच्छला पुरवते. तिचं नाव काढलं तरी डोकं फिरतं.

१५ जानेवारी

अकोटला जाऊन आलो, शालूला सांगून आलेल्या देवीदासचं घर पाहायला. मी आणि बाबा दोघेच. बायकांना न्यायची आपल्यात रीत नाही. विहिरीला पाणी आहे. बैलजोडी देखणी. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, निर्व्यसनी. जेवण तर असं की पाटावरून उठवेना. बाबांनी तिथंच सुपारी फोडली. शालूनं नशीब काढलं.

१६ जानेवारी

शालूनं विचारलं, “मी कवा पाह्यचं ते घर?” बाबा म्हणाले, “नांदाले जाशील तवा पाय.” तिनं चोपडं उघडलं. मी खेकसलो — काय आहे एवढं त्यात? तर म्हणते, “भाऊ, तिले कोणी पाह्यले येत नाही. तीच पाह्यले जाते.”

उत्तर म्हणे! एक लगावणार होतो.

२२ जानेवारी

दुपारी घरात कुणी नव्हतं. वाचलं. शत्रू ओळखलेला बरा, म्हणून. ओल्या रस्त्यावर एक लाल बूट, बाकी सगळं पान काळं — काय रुबाब! या हरामखोरांना चित्रं काढता येतात, तेच वाईट. ही बाई रडत नाही, भाकऱ्या थापत नाही. कुठं निघालीस, म्हणून कुणी अडवत नाही. शालूला यात काय दिसतं ते कळलं, आणि राग दुप्पट झाला. होते नव्हते ते सगळे अंक बंबात घातले. पाणी चांगलं कडक तापलं.

२४ जानेवारी

शालू बोलत नाही. न बोलू दे!

३० जानेवारी

सकाळी क्लासला गेलेली शालू दिवे लागले तरी घरी नाही. वच्छला तोंड उघडेना. बाबा बाजारातून आलेले नव्हते, नाहीतर आज घरात खून पडला असता. शेवटी बाईसाहेब उगवल्या — वच्छलाची खादीची साडी, काखेत पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा! अकोटला गेली होती. एकटी, एस.टी.नं. देवीदासच्या दारात उभी राहून म्हणाली, मी कुटुंब नियोजनाची बाई!

मी हात उगारला.

“मार. पन आधी आइक. त्या दिवशी तुमाले वाढलं कोनं?”

“होती कोणी बाई.”

“नाव माणिकबाई. लगनाले सात वर्सं झाले. लेकरू नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घेईना, मंग पान्याच्या पितळी गुंडावर कोरलेलं दाखवलं. देवीदास.”

हात खाली आला. विहिरीत खडा टाकून पाणी अजमावलं मी, बैलांचे दात पाहिले! आणि चार वेळा वाढायला आलेल्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही. परक्या बाईकडे पाहू नये, हीच आपली सभ्यता. देवीदासला जोड्यानं हाणला पाहिजे. उद्या बाबांना सांगतो. सोयरीक मोडणार, गाव काय बोलायचं ते बोलो.

३१ जानेवारी

सांगितलं, शालूच्या देखत. बाबा बाजारात न्यायच्या शेवंतीवर पाणी शिंपडत होते. हात थांबला नाही.

“मालूम हाय मले,” म्हणाले. “लेकरासाठी करून राहिले ते. तिले काई काढून देनार नाही, दोघी राहतीन. तारीख ठरली हाय.”

शालू बाबांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मला माहीत नव्हतं — देवाशपथ नव्हतं! पण ती विचारतच नाही.