तुपाचं वंगण

हॅरो
१४ सप्टेंबर २०२४

आदरणीय डॉक्टर पद्माकर यांस,
अर्जुन मोहित्याचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. दीड महिना रोज लिहायला बसतो आणि कागद घडी घालून ठेवून देतो. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की मी भलतंच बोलत बसतो. शाळा सातवीपर्यंतच झाली, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

इकडे ठीक आहे. सुमनचा गुडघा दुखतो. यंदा ऊन कमी पडलं, टोमॅटो हिरवेच राहिले, तिनं त्यांची चटणी केली. एक बाटली तुमच्यासाठी ठेवली आहे.

मंगळवारी ट्रेनमध्ये तुमची देविका भेटली. आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काका, बाबा थर्टीएथला रायफल डीलरला देऊन टाकतायत. लायसन्सचं सर्टिफिकेटपण रिन्यू नाही करणार. म्हणतात, माझी हात आता सेफ नाही." मी "हो का" म्हणालो आणि एक स्टेशन आधीच उतरलो. तिथून चालत घरी आलो.

डॉक्टर, तुमच्या हातांचा काही दोष नाही, दारू तुम्ही बरोबरच मोजली होती. जुलैतल्या त्या शनिवारी आपल्या नेमबाजी क्लबच्या रेंजवर काडतूस फुसकं निघालं आणि गोळी नळीतच अडकली, ते वंगणामुळे. वंगण माझं होतं.

काडतुसं घरी भरण्यात तुम्ही मला एकच काम दिलं होतंत. शिसं तुम्ही ओतायचं, दारू तुम्ही मोजायची. गोळीच्या खाचांत वंगण भरायचं ते मी. तयार वंगण मिळेना तेव्हा तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलंत, मधमाश्यांचं मेण आणि बीफ ड्रिपिंग. वर म्हणालात, "अर्जुनराव, मऊ झालं तर उन्हात वितळेल, कडक झालं तर खाचेतून निखळेल. अर्धा नेम वंगणात असतो." मी मान डोलावली.

ड्रिपिंगचं पाकीट आणून मी फ्रिजमध्ये ठेवलं. सुमननं त्यावरचं गाईचं चित्र पाहिलं.

"हे कुणाच्या तेराव्याला आणलंत?"

"शेडमध्ये लागतंय. खायला नाही."

"माझ्या देवांच्या भिंतीपलीकडे गाईची चरबी कढवणार? स्निग्धच हवंय ना? तूप घ्या."

पाकीट तिनं कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. मला वाटलं, चरबी काय आणि तूप काय, चिकटपणा तोच, आणि मेणात तूपच मिसळलं. खरं म्हणजे तुम्हाला विचारायला हवं होतं. पण तुम्ही हसाल अशी भीती वाटली. पन्नास वर्षं या देशात राहून अजून गाय सुटली नाही का, असं तुम्ही चारचौघांत म्हणाला असतात. तुम्ही वाईट हेतूनं म्हणत नाही, ठाऊक आहे. तरी लागतं.

त्या शनिवारी नेमकं कडक ऊन पडलं आणि गाडीच्या डिकीत काडतुसांचा डबा तापला. रेंजवर उघडला तर आत तूप पाझरलेलं, वास घरच्यासारखा. मी रुमालानं पुसलं आणि डबा तुमच्या हातात दिला. तूप आत दारूपर्यंत गेलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी बोललो असतो का, सांगता येत नाही. पुढची गोळी झाडली असतीत तर नळी तुमच्या तोंडाशी फुटली असती. रेंज ऑफिसरनं वेळेवर थांबवलं.

पण मी लिहायला बसलो आहे ते तुपाबद्दल नाही. क्लबच्या कमिटीनं मला विचारलं, वंगण कसं केलंस? मी म्हणालो, "डॉक्टर सांगतात तसंच करतो." एवढंच इंग्रजी मला त्या वेळी नीट आलं. मग त्यांनी तुम्हाला सगळ्यांसमोर सुनावलं आणि घरची काडतुसं आणायला बंदी केली. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. हॉस्पिटलात मी पोर्टर, म्हणजे हमाल होतो तेव्हा मोठ्या डॉक्टरांपुढे मी तसाच उभा राहायचो. क्षणभर मला बरं वाटलं, डॉक्टर. हे कुणालाच सांगितलेलं नाही, सुमनलाही नाही.

परत येताना मला दारात सोडलंत आणि म्हणालात, "तुमची काही चूक नाही, अर्जुनराव. माझंच वय झालं." मी "थँक यू" म्हणालो.

येत्या चोवीस तारखेला, मंगळवारी, कमिटीची मीटिंग आहे. मी सेक्रेटरीला फोन करून वेळ मागून घेतली आहे. उभा राहून सांगेन. इंग्रजी अडखळेल, पण हे मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार नाही. तुम्ही आलात तर धीर येईल. तोंड बघायचं नसेल तर येऊ नका, मी तरीही सांगेन. मला काढलं तर काढू देत.

रायफल मात्र तीस तारखेला देऊ नका. माझ्यावर रागवा, पण स्वतःच्या हातांवर ठपका ठेवू नका. थांबता की नाही, एवढंच एका ओळीत लवकर कळवा.

तुमचा म्हणवून घ्यायला कचरणारा,
अर्जुन