कोनशिला फाटकाशी, गाड्या लिंबाखाली

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

चहा गार झाला, पण मी अजून नाही. शाळेच्या तीन व्हॅन विजेवरच्या घ्यायच्या, कर्जाचा प्रस्ताव उद्या बँकेत द्यायचा, आणि दुपारच्या बैठकीत समितीतल्या चौघा पुरुषांनी चार्जर कुठे दाखवला? फाटकाशी, कोनशिलेशेजारी. कोनशिला चौघांच्या नावांसह कोरूनही आली! गाड्या म्हणे रात्रभर तिथेच चार्ज होणार.

मी उठले आणि लिंबाखाली बसलेल्या मारुती ड्रायव्हरला आत आणले.

"बाई, व्हॅन रात्री माझ्या दारात असती. इथं ठिवली तर चाकूरकडं घरी मी कशानं जाऊ? पहाटं गावातली पोरं कोण आणंल? नोकरीच सोडावी लागंल."

अध्यक्ष म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कुणी, साहेब?"

मग मीच विचारले, गाडी दिवसभर काय करते?

"दहा ते चार लिंबाखाली उभी, माझ्यासंगं. बाकी दोनबी तितंच."

झाले तर! चार्जर लिंबाखाली, चार्जिंग दिवसा. चारला भरलेली गाडी दुसऱ्या दिवशी दहापर्यंत आरामात पुरते. प्रस्तावातले ते पान मी तिथेच नव्याने लिहिले. लहानपणी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेले अक्षर अखेर कामी आले. ही साधी गोष्ट मला तरी आधी का सुचली नाही?

अध्यक्षांचे आपले एकच. "पण कोनशिलेचं काय?"

"राहू द्या फाटकाशी. तिला कुठे चार्ज व्हायचंय?"

निघताना मारुती म्हणाला, "बाई, उद्या बँकेत मीच नेतो तुम्हाला. डिझेलवर चालंल ना?"

चालेल म्हटले. उद्यापुरते.