आतली कडी

नाना, परवा मी जळगावच्या घरी जाऊन आईच्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी बसवली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्क्रू पिळताना मी तुमच्याशीच भांडत होते, आणि तेसुद्धा मनातल्या मनात नाही, चांगली मोठ्याने. धाकट्याची बायको स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. तिला वाटलं असेल, अक्कांचं वय झालं आता. वय झालंच आहे. पण राग काही म्हातारा झालेला नाही, आणि तो तुमच्यावरचाच आहे, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

धाकट्याने घर नवं करायला काढलं ते तुम्हाला आवडलं असतं. जुनी दारं जाऊन गुळगुळीत, तपकिरी दारं आली आहेत. सगळ्या दारांना काळी हँडलं, चमक नसलेली, हल्ली सगळ्यांना तीच हवी असतात. मला फोनवर फोटो पाठवत होता. हे बघ, दिवाणखान्याचं कुलूप, हे बघ, आमच्या खोलीचं, हे गच्चीचं. मी धुळ्यात बसून छान, छान म्हणत होते. दिवाळीनंतर तिकडे गेले तेव्हा कळलं की घरातल्या सगळ्या दारांना आतून कडी किंवा कुलूप आहे, आणि नाही ते फक्त दोन दारांना. आईच्या खोलीला आणि आईच्या न्हाणीघराला. तिथे हँडल आहे. दाबलं की दार उघडतं, कुणीही दाबलं तरी.

त्याचं कारण आहे, आणि ते खोटं नाही. पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडली होती. आतून कडी. ती हाक मारतेय आणि धाकटा बाहेरून दार हलवतोय. शेवटी शेजारचे दोघे आले, पलीकडच्या बांधकामावरचा सुतार आला, पहारीने दार फोडलं. हाड मोडलं नाही, नशीब. पण आई तिथे ओल्या फरशीवर कशी पडली होती ते सांगायला नको. धाकट्याच्या बायकोने टॉवेल टाकला तो सगळे आत घुसल्यावर. मला हे सगळं धाकट्याने सांगितलं तेव्हा त्यात दार होतं, पहार होती, त्याची धावपळ होती. आईने सांगितलं ते एकच वाक्य, आणि तेही भिंतीकडे तोंड करून. "बठ्ठास्नी दखं माले." सगळ्यांनी पाहिलं मला. पारोळ्याकडची तिची बोली तुम्ही उभ्या संसारात शहरी करू शकला नाहीत, आणि दुखलं की ती त्याच बोलीत बोलते.

त्यानंतर नवं दार आलं ते कडीशिवाय. दोन महिन्यांत तिच्या अंगावर तीनदा दार उघडलं गेलं. एकदा नातवाने, एकदा गॅसवाल्याने स्वयंपाकघर समजून, एकदा धाकट्याच्या सासऱ्यांनी. सगळे "सॉरी, सॉरी" म्हणत मागे फिरले. आई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकायला लागली, आणि पाण्याने भरलेली बादली ओढत नेऊन दाराला आतून लावून ठेवायला लागली. एक्याऐंशी वर्षांची बाई, नाना. पडू नये म्हणून जिची कडी काढली, ती रोज ओल्या फरशीवर भरलेली बादली ओढते आहे. मी ते पाहिलं आणि धाकट्याला हाक मारली. तो म्हणाला, "अक्का, तू दवाखान्यात तीस वर्षं काढलीस. तूच सांग, म्हाताऱ्या माणसाला आतून कडी लावू द्यावी का?" वॉर्डात नर्स म्हणून मीच म्हाताऱ्यांच्या नातेवाइकांना सांगत आले की संडासाची कडी काढून टाका. हे सांगताना आत बसणाऱ्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या क्षणी मला धाकट्याचा राग आला नाही. तुमचा आला. कारण तो जे करत होता ते त्याने तुमच्याकडे पाहून शिकलेलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, की विसरलात? मोठी तेव्हा एकोणीस वर्षांची, मी चौदा. तिने डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता आणि तुम्ही बोदवडच्या पाहुण्यांना बोलावून ठेवलं होतं. पाहुणे येऊन बसले आहेत, आई पोह्यांवर खोबरं घालते आहे, आणि मोठी आमच्या खोलीत जाऊन आतून कडी लावते. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आधी फॉर्म, मग पोहे." मी दाराबाहेर साडीचा पदर धरून उभी, कारण मलाही त्या दिवशी साडी नेसवली होती. तुम्ही दोनदा येऊन दारावर बोट वाजवलंत, हलक्या हाताने, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये असं. पाहुणे पोहे खाऊन, मुलीच्या पोटात दुखतंय हे ऐकून निघून गेले. संध्याकाळी मोठी बाहेर आली, तुम्ही तिला एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, जिंकली ही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाण्याआधी तुम्ही पेचकस घेऊन आमच्या खोलीत आलात आणि दाराची आतली कडी काढलीत. चार स्क्रू खिशात टाकलेत. भोकांत लांबी भरलीत, वाळल्यावर घासलीत, आणि घरात उरलेला तोच हिरवा रंग ब्रशने असा दिलात की तिथे कधी कडी होती हे शोधूनही सापडू नये. कामाच्या सफाईचा तुम्हाला अभिमान होता. मागे सरून दाराकडे पाहिलंत आणि म्हणालात, "झालं." आठ दिवसांनी तेच पाहुणे पुन्हा आले. मोठी बाहेर येऊन बसली. बसणारच, ती जाणार कुठे?

नंतर मोठीचं काही वाईट झालं नाही. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. भावजी चांगले निघाले, मुलं शिकली, बोदवडला तिचं स्वतःचं दुमजली घर आहे. मागच्या आठवड्यात मी तिला फोनवर विचारलं, "तुला ती कडी आठवते का गं?" ती हसली. "जाऊ दे, कुठलं काय घेऊन बसलीस." मला त्या हसण्याचाही राग आला. तिचं काही वाईट झालं नाही हे खरं, पण तो फॉर्म आईने पुढे डब्याखाली घालायला वापरला, हेही खरं. आणि ती सासरी गेल्यावर त्या खोलीत मी सहा वर्षं राहिले. सहा वर्षं मी एक पाय दाराला लावून कपडे बदलले. आई ओरडायची, "इतका वेळ काय करतेस?" एका पायावर उभं राहून माणूस किती भराभर कपडे बदलणार?

आणि हे कुणी केलं? गावभर कड्या विकणाऱ्या माणसाने. हे मला सहन होत नाही, नाना. तुम्ही कुलुपं-बिजागऱ्यांचे दुकानदार नसता, कारकून असता, मास्तर असता, तर मी म्हटलं असतं, नव्हतं कळत. पण तुम्हाला दारातलं सगळं कळत होतं. रविवारी मी दुकानात बसायची, मी पाहिलं आहे. गिऱ्हाईक आलं की तुम्ही माल दाखवण्याआधी विचारायचात, दार कुठल्या तोंडाचं आणि आत कोण राहणार? दार पश्चिमेचं असलं तर लोखंडी मूठ द्यायचा नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी हात भाजतो म्हणायचात, लाकडी न्या. घरात म्हातारं माणूस असलं तर कडी वरती नको, कमरेच्या उंचीला लावा, असं सांगायचात. एकदा एक बाई आली होती, नवरा नुकताच वारलेला, दीर त्रास देतो असं अर्धवट बोलली आणि थांबली. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. दोन कड्या परत ठेवल्यात, आतून सगळ्यात जाड अडसर काढलात, आणि तो कसा बसवायचा ते तिला कागदावर काढून दिलंत. म्हणालात, "आतून हा सरकवला की तुमच्या मर्जीशिवाय कुणी आत येत नाही, बाई." मला त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला होता. मी घरी येऊन आईला सांगितलं. आणि मग आमच्या खोलीत जाऊन दाराला पाय लावून फ्रॉक बदलला.

परक्या बाईची मर्जी तुम्हाला दिसली. घरातली का दिसली नाही? मला याचं उत्तर हवं होतं, आणि तुम्ही असताना मी विचारलं नाही. तुम्ही आजारी होतात तेव्हा मी महिनाभर उशाशी होते. तुम्हाला अंघोळ घालायची वेळ आली की तुम्ही मला म्हणायचात, "आधी दार लाव." मी लावायची. तेव्हा विचारता आलं असतं. पण पाण्याचा तांब्या हातात असताना असं कसं विचारावं?

असो. परवाची गोष्ट सांगते. धुळ्याहून सकाळच्या एसटीने निघाले, पारोळ्याला चहासुद्धा घेतला नाही. तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, म्हणून बाजारातल्या एका मोठ्या दुकानात गेले. भिंतभर पाट्यांवर हँडलं टांगलेली, सोनेरी, गुलाबी, काळी, जुनाट दिसणारी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, फिनिश कुठलं?" मी म्हटलं, "आत कोण राहतं ते नाही विचारणार?" तो बिचारा गोंधळला. मग गल्ल्यावर बसलेली मालकीणबाई उठून आली, डोक्यावर पदर, चष्मा. तिने विचारलं, "कोणासाठी पाहिजे, ताई?" मी आईचं सांगितलं. सगळंच सांगून टाकलं, पहार, गॅसवाला, बादली. तिने खणातून एक कडी काढली. आतून छोटी मूठ फिरवायची, बाहेरून दिसतं फक्त एक गोल बटण. "याला खाली खाच आहे," ती म्हणाली. "नाणं घालून फिरवलं की बाहेरून उघडतं. म्हाताऱ्या माणसांसाठी हीच नेतात."

मी म्हटलं, "नको. बाहेरून न उघडणारी द्या." दिवाळीनंतर मी परत निघताना आईने तेवढंच तर मागितलं होतं. "माले कडी पायजे. हाई काय दार शे? हाऊ ते पडदा शे." हे काय दार आहे, हा तर पडदा आहे. साधी कडी घेऊन मी दुकानाच्या पायऱ्या उतरले, आणि रस्त्यावर उभी राहिले. डोळ्यांसमोर वॉर्डातली माणसं आली, न्हाणीघरातून उशिरा बाहेर काढलेली. मी पुन्हा वर गेले आणि ती खाचवाली कडी घेतली. पितळी रंगाची घेतली, काळी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला तपकिरी दारावर काळं दिसत नाही. धाकट्याच्या हँडलांशी ती जुळत नाही आणि ते त्याला खुपतं आहे, खुपू दे.

कडी मीच बसवली, कमरेच्या उंचीला. स्क्रूला आधी साबण लावला, म्हणजे लाकडात सरळ जातो. हे तुम्हीच शिकवलंत, ते विसरलेले नाही. धाकटा बाजूला उभा राहून म्हणाला, "पुन्हा पडली तर दार तोडायला तू येणार का धुळ्याहून?" मी दार ओढून घेतलं, त्याच्याकडून एक नाणं मागितलं आणि बाहेरून फिरवून दाखवलं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. मी म्हटलं, "तीनदा हाक मारायची. उत्तर आलं नाही तरच. आणि आधी तुझ्या बायकोने आत जायचं, तू नाही." तो हो म्हणाला. "आणि आईला सांगायचं नाही," हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं ते मला सांगता येतं, नाना. माझ्या.

आई नवी साडी घेऊन आली. कडी हाताने चाचपली, दोनदा फिरवून पाहिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाहेरथीन उघडस का?"

मी म्हटलं, "नाही उघडत."

ती आत गेली. मूठ फिरल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. पाऊण तास ती आत होती. मधेच काहीतरी गुणगुणत होती, तिच्या गावाकडचं. धाकटा म्हणाला, "बघ, किती खूश आहे." मी बाहेर स्टुलावर बसून होते आणि ते नाणं माझ्या मुठीत होतं. ते मी त्याला परत दिलं नव्हतं.

तुम्हाला दोष द्यायला हे पत्र लिहायला घेतलं, आणि तो दोष मी एका अक्षराने कमी करत नाही. पण आईशी खोटं बोलले ते तुम्ही नाही, मी. आणि तिने पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच उत्तर देणार आहे. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे राहायला येते आहे, त्याआधी हा कागद फाडावा लागेल. भिंग लावून ती अजून माझं अक्षर वाचते.